अर्धे मैदान आपले, अर्धे जोडीदाराचे

वाचकहो, विम्बल्डनचे नाव काढले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दूरचित्रवाणीवरचे एकच दृश्य उभे राहते. जुलै महिन्यातला रविवार, सेंटर कोर्टची हिरवळ, पांढऱ्या पोशाखातले दोन प्रतिस्पर्धी आणि अखेरीस एकाच्या हातात उंचावलेला चषक. तो असतो एकेरीचा अंतिम सामना. त्याच आवारात, त्याच पंधरवड्यात, बाजूच्या लहान कोर्टांवर पुरुष दुहेरीची स्पर्धा रंगत असते. चौसष्ट जोड्या तिच्यात उतरतात. पण तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आज मी आपल्याला तिथे घेऊन जाणार आहे.

त्यामागे माझा व्यवसायातला एक हेतू आहे. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी सामान्य वैद्यकीय व्यवसाय करते. सत्तरीपुढचा रुग्ण माझ्या दवाखान्यात सहसा एकटा येत नाही. सोबत पत्नी असते, मुलगा असतो, सून असते, कधी शेजारी असतो. तपासणी एकाची होते, पण तो आजार दोघांनी मिळून सांभाळलेला असतो. हे दोघे आपसांत कामाची वाटणी कशी करतात, यावर रुग्णाची प्रकृती फार अवलंबून असते. ही वाटणी मला विम्बल्डनच्या पुरुष दुहेरीत जितकी स्पष्ट पाहायला मिळाली, तितकी अन्यत्र कुठेही नाही.

स्थानकापासून हिरवळीपर्यंत

मुलगा किंवा मुलगी लंडनला नोकरीला आणि आईवडील उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिकडे, हे चित्र आता आपल्याकडच्या अनेक घरांत दिसते. आपण त्यांच्यापैकी असाल, तर जूनअखेर ते जुलैचा मध्य हा काळ लक्षात ठेवावा. मुंबईहून लंडनचा विमानप्रवास नऊ-दहा तासांचा आहे. तासा-दोन तासांनी उठून मार्गिकेत चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ही काळजी घ्यायची. औषधे हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावीत. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्रांच्या वेळा निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

विम्बल्डन नावाचे रेल्वे स्थानक आहे खरे, पण स्पर्धेच्या मैदानाला साउथफील्ड्स हे स्थानक अधिक जवळचे. तिथून रमतगमत पंधरा मिनिटांची वाट आहे. ज्यांना गुडघेदुखी आहे त्यांनी ही वाट वीस-पंचवीस मिनिटांची धरावी आणि मध्ये थांबण्यात संकोच मानू नये. मोठ्या कोर्टांची तिकिटे बरीच आधी सोडत काढून दिली जातात. ज्यांना ती मिळत नाहीत ते विम्बल्डन पार्कच्या गवतावर रांगेत बसतात. ही रांग शिस्तीसाठी प्रसिद्ध आहे. प्रत्येकाला क्रमांकाचे कार्ड मिळते आणि लोक शिदोरी उघडून, वर्तमानपत्र वाचत, तासन्‌तास वाट पाहतात. साठीपुढच्या मंडळींनी रांगेत तरुण सोबत्याला ठेवावे, डोक्यावर टोपी असू द्यावी आणि मधुमेह असेल तर खाण्याची वेळ चुकवू नये. लंडनचे ऊन सौम्य वाटते, पण सावली नसलेल्या बाकावर तीन तास बसले की तेही बाधते.

आत शिरल्यावर गर्दीचा लोंढा सेंटर कोर्टकडे वळतो. आपण बाहेरच्या कोर्टांकडे वळावे. तिथे सकाळी अकराला खेळ सुरू होतो आणि पहिल्या आठवड्याच्या मध्यापासून दुहेरीचे सामने पाहायला मिळतात. बाके साधी, लाकडी असतात आणि खेळाडू हाकेच्या अंतरावर. मी गेले त्या दिवशी, ज्यांची नावे मला ठाऊक नव्हती अशा दोन जोड्या खेळत होत्या. दूरचित्रवाणीवर कधीही ऐकू न आलेली गोष्ट तिथे ऐकू आली: खेळणारे एकमेकांशी सतत बोलत होते. "माझा", "तुझा", "राहू दे", "मागे". चेंडू हवेत असतानाच निर्णय होत होता आणि तो मोठ्याने सांगितला जात होता.

आठ मिलिमीटरची हिरवळ

ज्या क्लबच्या आवारात आपण उभे आहोत त्याची स्थापना १८६८ साली झाली. पहिली स्पर्धा १८७७ साली भरली आणि चर्च रोडवरच्या सध्याच्या जागेत क्लब १९२२ साली आला. पुरुष दुहेरी इथे १८८४ पासून खेळली जाते. तिचे पहिले विजेते विल्यम आणि अर्नेस्ट रेनशॉ हे सख्खे, जुळे भाऊ होते. ही कोर्टे २००१ पासून पूर्णपणे रायग्रास या टिकाऊ गवताची आहेत आणि स्पर्धेच्या काळात ते आठ मिलिमीटर उंचीवर कापलेले असते. आपल्या करंगळीच्या नखाची लांबी साधारण तेवढीच भरेल.

या हिरवळीचा सांध्यांशी जवळचा संबंध आहे. गवताखाली माती असल्याने सिमेंटच्या कोर्टापेक्षा पायांना बसणारा हादरा कमी असतो. मात्र गवतावर चेंडू घसरून पुढे येतो, फारसा उसळत नाही. तो घ्यायला गुडघ्यांत खोल वाकावे लागते. शिवाय पहिल्या दोन-तीन दिवसांत गवत ताजे, रसदार असते आणि त्यावर पाय सटकतो. दुसऱ्या आठवड्यात मागच्या रेषेजवळचे गवत झिजून खाली तपकिरी माती दिसू लागते. थोडक्यात, ही जमीन पायांना मऊ आहे पण बेभरवशाची आहे. पहाटे बागेत दव पडलेल्या गवतावरून चालणाऱ्या ज्येष्ठांनी हे ध्यानात ठेवावे. पडण्याचे प्रसंग मऊ जमिनीवरही येतात आणि मनगट किंवा खुब्याचे हाड तिथेही मोडते.

वाटणीचे गणित

आता कोर्टाच्या रेषांकडे पाहू. एकेरीसाठी कोर्टाची रुंदी २७ फूट असते. दुहेरीत दोन्ही बाजूंच्या पट्ट्या खेळात येतात आणि ती ३६ फूट होते. म्हणजे राखायचे मैदान एक तृतीयांशाने वाढले. पण राखणारे आता दोघे आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला १८ फूट आले. एकट्याने राखायच्या २७ फुटांशी तुलना केली तर प्रत्येकाचा भार एक तृतीयांशाने कमी झाला.

आजारपणाचेही असेच असते. घरात एखाद्याला पक्षाघात झाला, स्मृतिभ्रंश जडला, की घराचे मैदान एकाएकी रुंदावते. औषधे, पथ्य, आंघोळ, दवाखान्याच्या फेऱ्या, विम्याची कागदपत्रे, रात्रीची जाग. हे वाढलेले मैदान एकट्याने राखू पाहणारी माणसे मला रोज भेटतात. बहुधा ती घरातली एखादी स्त्री असते. तिचा स्वतःचा रक्तदाब वर्षभरात तपासलेला नसतो. "माझे काय, मी ठीक आहे," हे तिचे ठरलेले उत्तर असते. तिच्या जोडीला दुसरे कोणी आले, तर कामे वाढलेली असूनही तिचा वाटा पूर्वीपेक्षा हलका होऊ शकतो. एकेरीची रुंदी आणि दुहेरीची रुंदी यांतले हे साधे गणित आहे.

उतारवयातली बाजी

भार वाटला गेल्यामुळे दुहेरीत खेळाडूंचे आयुष्यही लांबते. याचे सर्वांत ठळक उदाहरण १९५७ सालचे आहे. त्या वर्षी गार्डनर मलॉय आणि बज पॅटी ही अमेरिकन जोडी विम्बल्डनच्या पुरुष दुहेरीत मानांकनाविना उतरली होती. मलॉय ४३ वर्षांचे होते, पॅटी ३३ वर्षांचे. अंतिम फेरीत त्यांच्यासमोर ल्यू होड आणि नील फ्रेझर हे ऑस्ट्रेलियाचे तरुण उभे राहिले. त्यांची वये २२ आणि २३. होड तर त्याच वर्षीचे एकेरीचे विजेते. एका बाजूच्या वयांची बेरीज ७६, दुसऱ्या बाजूची ४५. पहिला सेट ज्येष्ठांनी ८-१० असा गमावला आणि पुढचे तिन्ही ६-४, ६-४, ६-४ असे जिंकले. मलॉय पुढेही वयस्कांच्या स्पर्धांत कित्येक दशके खेळत राहिले. २०१६ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या एकशेतिसाव्या नव्हे, पण एकशेतिसऱ्या वाढदिवसाला जेमतेम आठवडा उरला होता.

आपल्या जवळचे उदाहरण रोहन बोपण्णा यांचे. वयाच्या ४३ व्या वर्षी, २०२३ साली, मॅथ्यू एब्डेन यांच्या साथीने ते विम्बल्डनच्या पुरुष दुहेरीत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. पुढच्याच जानेवारीत याच जोडीने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि बोपण्णा जागतिक क्रमवारीत दुहेरीचे अव्वल खेळाडू झाले. आपल्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली असल्याचे आणि एकेकाळी वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढावे लागल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. त्यातून सावरण्याचे श्रेय ते अय्यंगार योगाला देतात. या योगपद्धतीचे माहेर आपले पुणे. बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ साली पुण्यात संस्था उभारली आणि दोर, ठोकळे, खुर्च्या, पट्टे यांचा आधार घेऊन आसने शिकवण्याची रीत रूढ केली. ज्याला जमिनीवर बसता येत नाही त्यालाही खुर्चीच्या आधाराने आसन करता येते, ही त्या पद्धतीची ज्येष्ठांना मिळालेली देणगी आहे.

इथे डॉक्टर म्हणून एक खुलासा करणे भाग आहे. झिजलेली कूर्चा योगाने पुन्हा उगवत नाही. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू बळकट झाले, सांध्याची ठेवण सुधारली, की उरलेल्या सांध्यावरचा ताण घटतो आणि दुखणे आटोक्यात येते. हेच काम जाणकार फिजिओथेरपिस्टही करतात. वेदनाशामक गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. उतारवयात त्या मूत्रपिंडांना आणि जठराला बाधतात, रक्तदाबही वाढवतात.

विम्बल्डनच्या दुसऱ्या आठवड्यात निवृत्त नामवंतांसाठी निमंत्रितांचे सामने होतात. तेही दुहेरीचेच असतात. एकेकाळी सेंटर कोर्ट एकट्याने गाजवलेले खेळाडू तिथे पोट थोडे सुटलेले, हसत, जोडीदाराची चेष्टा करत खेळताना दिसतात. खेळ सोडण्याऐवजी त्यांनी खेळाचा प्रकार बदलला. ज्येष्ठ वाचकांनी त्या सामन्यांकडे अवश्य पाहावे.

मधला चेंडू

दुहेरीत सर्वांत फसवा चेंडू कोणता, हे चार-पाच सामने पाहिले की आपल्याला कळते. कोपऱ्यात मारलेला चेंडू कोणाचा, याबद्दल वाद नसतो. दोघांच्या बरोबर मधून गेलेला चेंडू घात करतो. त्याचे दोन प्रकार होतात. कधी दोघेही समजतात की दुसरा घेईल, आणि चेंडू सरळ निघून जातो. कधी दोघेही धावतात आणि रॅकेटवर रॅकेट आदळते. मुरलेल्या जोड्यांत याचा निकाल आधीच लावलेला असतो. ज्याचा फोरहँड मधल्या बाजूला येतो त्याने घ्यायचा, किंवा जो जाळ्याजवळ असेल त्याने घ्यायचा, असा काहीतरी संकेत ठरलेला असतो.

घरातही मधला चेंडू असतो आणि तिथे तो जिवावर बेतू शकतो. वडिलांची सकाळची इन्सुलिनची मात्रा हे त्याचे नित्याचे उदाहरण. मुलगा कामावर जाण्याच्या घाईत इंजेक्शन देतो आणि सांगायचे विसरतो. अर्ध्या तासाने सून तीच मात्रा पुन्हा देते. दोघांनीही काळजीपोटीच केलेले असते. थोड्या वेळाने वडिलांना दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. हीच गोष्ट रक्त पातळ करणाऱ्या गोळीची, हीच रक्तदाबाच्या गोळीची. उलट बाजूने, दोघांपैकी कोणीच न दिलेली फिट्सची गोळीही मी पाहिली आहे.

साखर उतरल्याची अशी लक्षणे दिसली आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर लगेच ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी द्यावे, शक्य असल्यास साखर तपासावी आणि डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णालयात न्यावे. मात्रा दुप्पट गेली असल्याचे कळले तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावे.

उपाय मात्र खेळाडूंचाच आहे: आधी ठरवणे आणि मोठ्याने सांगणे. औषधांच्या डब्याशेजारी एक कागद टांगावा. तारीख, औषध, वेळ आणि देणाऱ्याची सही, इतकेच रकाने पुरेत. सही दिसल्याशिवाय दुसऱ्याने मात्रा देऊ नये. आठवड्याच्या खणांची डबी घेतली तर गोळी घेतली की नाही ते नजरेनेच कळते.

दुहेरीत आणखी एक सुंदर रीत आहे. सर्व्हिस करणारा मागे उभा असतो आणि जोडीदार पुढे, जाळ्याजवळ. पुढचा आपला हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण करतो: मी जागचा हलणार नाही, किंवा मी आडवा जाणार आहे, तू माझी बाजू सांभाळ. ही खूण चेंडू उडण्यापूर्वी होते. आपल्या घरातही संकट येण्यापूर्वी काही खुणा ठरलेल्या असाव्यात. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर कोणत्या रुग्णालयात जायचे? जुने अहवाल, औषधांची यादी, विम्याचे कार्ड कोणत्या खणात आहे? गाडी कोण काढेल, आणि घरी नातवंडांपाशी कोण थांबेल? या प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून ती दोघांना पाठ असावीत.

जोडीदार बदलला तरी

काळजी घेणाऱ्यांच्या मनात एक अपराधाची भावना घर करून असते. चार दिवस दुसऱ्याच्या हाती सोपवले तर आपण कर्तव्याला चुकलो, असे त्यांना वाटते. अशांना मी बॉब आणि माइक ब्रायन या अमेरिकन जुळ्या भावांची हकिगत सांगते. एक डावखुरा, एक उजवा. विम्बल्डनची पुरुष दुहेरी त्यांनी २००६, २०११ आणि २०१३ साली एकत्र जिंकली. २०१८ च्या मे महिन्यात बॉबच्या खुब्याला दुखापत झाली आणि त्याला खेळ थांबवावा लागला. आयुष्यभराचा जोडीदार बाजूला झाला तेव्हा माइक चाळीस वर्षांचा होता. त्याने जॅक सॉक या आपल्याहून बऱ्याच तरुण खेळाडूला सोबत घेतले आणि त्या वर्षीचे विम्बल्डन जिंकले. ऑगस्टमध्ये बॉबच्या खुब्याच्या सांध्यावर धातूचे आवरण बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या जानेवारीत तो परतला, माइक पुन्हा त्याच्या शेजारी उभा राहिला आणि २०१९ साली दोघांनी मायामीची मोठी स्पर्धा जिंकली.

काही काळ दुसऱ्याची साथ घेतल्याने मूळची जोडी तुटली नाही. आपल्या आईची सेवा करणारी बहीण आठवडाभर माहेरी किंवा सहलीला गेली आणि तिच्या जागी भाऊ, प्रशिक्षित सेविका किंवा एखादी मावशी आली, तर तसेच घडते. ती विश्रांती घेऊन परतते तेव्हा तिची पाठ कमी दुखत असते आणि तिचा स्वर मऊ झालेला असतो. आजारी माणसाला तो फरक सर्वांत आधी जाणवतो.

बॉबच्या पुनरागमनाकडे ज्येष्ठांनी एका खबरदारीसह पाहावे. तो व्यावसायिक खेळाडू होता आणि त्याच्या दिमतीला तज्ज्ञांचा ताफा होता. आपल्याकडे सांधा बदललेल्या रुग्णाने धावपळीचा खेळ सुरू करावा की नाही, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

आपण खेळायचे असेल तर

इतके वाचून एखाद्या वाचकाच्या हाताला रॅकेटची जुनी आठवण झाली असेल, तर आनंद आहे. कोपनहेगन शहरात ८,५७७ लोकांच्या प्रकृतीचा सुमारे पंचवीस वर्षे मागोवा घेतला गेला आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बैठे आयुष्य जगणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचे आयुर्मान सरासरी ९.७ वर्षांनी, बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे ६.२ वर्षांनी, तर जॉगिंग करणाऱ्यांचे ३.२ वर्षांनी अधिक आढळले. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. टेनिस खेळणारा माणूस बहुधा मुळातच सुस्थितीत आणि निरोगी असतो, त्यामुळे सारे श्रेय खेळाला देता येत नाही. तरीही ज्या खेळांत दुसऱ्या माणसाची सोबत लागते त्यांचे आकडे वरचढ निघाले, याकडे संशोधकांनी लक्ष वेधले. रोज सायंकाळी कोणीतरी आपली वाट पाहत आहे, ही जाणीव माणसाला घराबाहेर काढते.

गवती कोर्टे आपल्याकडे दुर्मीळ आहेत. मातीचे कोर्ट मिळाले तर उत्तम. तेही नसेल तर बॅडमिंटनची किंवा टेबल टेनिसची दुहेरी आहे, आणि गुडघे अगदीच रुसले असतील तर कॅरमची दुहेरी आहे. मैदानी खेळ सुरू करण्यापूर्वी साठीपुढच्यांनी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याविना खेळू नये. सुरुवातीला दहा मिनिटे अंग गरम करावे, तळवे न घसरणारे बूट वापरावेत.

डोक्यावरून मागे जाणाऱ्या उंच चेंडूला लॉब म्हणतात. त्यासाठी उलट्या पावलांनी कधीही धावू नये. वयस्क खेळाडू पाठीवर पडतात ते बहुतेक याच क्षणी. दुहेरीत तो चेंडू मागच्या जोडीदाराचा असतो. त्याच्यावर सोपवून द्यावा. तोही दूर असेल तर गुण जाऊ द्यावा. आणि छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अवेळी दम किंवा डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवले तर त्याच क्षणी थांबावे. जोडीदाराने "एवढा गेम संपवू" असे म्हणू नये.

जे प्रेक्षक म्हणून विम्बल्डनला जातील त्यांनी तिथली प्रसिद्ध स्ट्रॉबेरी खुशाल खावी. मधुमेहींनी वरचे क्रीम आणि साखर जोडीदाराच्या वाटीत सरकवावी.

जाता जाता बाहेरच्या कोर्टावर अर्धा तास अधिक थांबावे आणि फक्त गुणांच्या मधला वेळ पाहावा. प्रत्येक गुणानंतर दोघे एकमेकांकडे चालत येतात, हाताला हात लावतात, दोन शब्द बोलतात. गुण जिंकला तरी, गमावला तरी. सोपा चेंडू जाळ्यात मारणाऱ्याकडेही जोडीदार तसाच चालत जातो. २००६ साली इथे मार्क नोल्स आणि डॅनिएल नेस्टर यांनी सायमन अ‍ॅस्पेलिन आणि टॉड पेरी यांच्याविरुद्ध सहा तास नऊ मिनिटे झुंज दिली, शेवटचा सेट २३-२१ असा संपला. इतक्या लांबलेल्या सामन्यात हे चालत येणे किती वेळा झाले असेल, याची कल्पना करावी.

आपल्या घरातला सामना याहून कितीतरी लांबलेला असतो, कधी वर्षानुवर्षांचा. आज रात्री औषधांचा डबा बंद करताना, दिवस कसाही गेला असला तरी, आपल्या जोडीदाराशी दोन शब्द बोलावेत. उद्याची सकाळची गोळी कोण देणार आहे, इथूनच सुरुवात करावी.